सेटरच्या रकान्यातलं नाव

आमच्या कारखान्यात मशीन नव्याने लावलं की त्यातून निघालेला पहिला जॉब, म्हणजे पहिला तयार भाग, माझ्या टेबलावर यायचा. मी तो मोजून पास केला की मगच पुढचा माल सुरू व्हायचा. जॉबसोबत एक कागद असायचा. त्यावर तीन नावं लागत: मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरचं, मशीन लावून देणाऱ्या सेटरचं आणि तपासणारी म्हणून माझं. तिन्ही नावं मीच लिहायचे, कारण मशीनांपाशी सगळ्यांचे हात तेलाचे आणि माझं अक्षर बरं. नोकरीत असे किती कागद भरले त्याची गणती नाही. त्यांतल्या चौदा महिन्यांच्या कागदांवर मी सेटरच्या रकान्यात खोटं नाव लिहिलं. हे आजवर मी घरातसुद्धा बोललेले नाही.

कारखाना शिवण्याला, मुख्य रस्त्यापासून आत, पत्र्याच्या शेडचा. माझं घर वारज्यात, स्कूटरवर पंधरा मिनिटं, पुलावर गर्दी असली तर पाऊण तास. गाड्यांचे छोटे लोखंडी भाग आमच्याकडे बनायचे. मी लागले तेव्हा तिथे बायकांसाठी संडास नव्हता. शेजारच्या बंगल्यातल्या आजींकडे जावं लागे आणि त्या दर वेळी चहा घेतल्याशिवाय सोडत नसत. त्यामुळे परत लगेच जावं लागे, ही वेगळी गंमत. पहिली चार वर्षं माझे तपासणीचे अहवाल माझ्या वरच्या साहेबांच्या सहीने जात. मोजायचे मी, सही त्यांची. गिऱ्हाईक त्यांना म्हणायचं, तुमचं काम फार चोख आहे. ते माझ्याकडे न बघता मान डोलवायचे. तेव्हा मी घरी येऊन भांडी आपटायचे. सांगायचा मुद्दा असा, की दुसऱ्याच्या नावावर काम जाणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

पुढे माझ्या हाती खातं आलं आणि कारखान्यात बायकाही आल्या. मोठ्या कंपन्यांची माणसं पाहणीला येत आणि तुमच्याकडे महिला किती, असं विचारत. मग साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्या मशीनवर ऑपरेटर म्हणून बायकाच घेतल्या. पाहुणे आले की साहेब त्यांना त्या ओळीसमोर उभे करत. पाहुणे बायका मोजत आणि खूश होऊन जात.

पण ऑपरेटर आणि सेटर यांत फरक असतो. सेटर मशीनमध्ये हत्यारं बसवतो, मापं भरतो, पहिला जॉब काढून दाखवतो. ऑपरेटर त्यानंतर दिवसभर जॉब चढवतो आणि उतरवतो. कणीक मळून, तवा तापवून दिला की पोळी कोणालाही भाजता येते, असं साहेब म्हणत. त्यांनी आयुष्यात एक पोळी भाजली नसेल, ते सोडा. सेटरचा पगार जवळजवळ दुप्पट, आणि दुसऱ्या कारखान्यात गेला तरी त्याला मान. आमच्याकडे सेटर सगळे पुरुष. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून तो कोणी बदलतही नव्हतं.

त्या ऑपरेटर बायकांतली ती एक, अमरावतीकडची. नवरा पुण्यात एका गोदामात कामाला, म्हणून आलेली. एक मुलगी, शाळेत जाणारी. विशेष म्हणजे ती आयटीआय झालेली होती, तेही मशीनिस्टच्या कोर्सला, वर्गात एकटी मुलगी. तसं अर्जावर लिहिलेलं होतं. घेतलं मात्र ऑपरेटर म्हणून. तिने पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, "ताई, सेटिंगचं काम काऊन देत नाहीत आम्हाला?" मी म्हटलं, "आधी वर्षभर टिकून दाखव." ती टिकली. वर्षभरात तिच्या हातून एक जॉब वाया गेला नाही.

तिच्या मशीनचे सेटर म्हणजे आमचे काका. सगळे त्यांना काकाच म्हणत. कारखान्याचं पहिलं मशीन त्यांनी लावलेलं. माणूस मोठा सरळ, कामात वाघ. पण शुगरने त्यांचे डोळे धरले. पडद्यावरचे आकडे पुसट दिसायला लागले आणि ते कोणाला सांगेनात. एका सकाळी त्यांनी माप भरताना टिंब एक घर चुकवलं आणि मशीन सुरू केलं. हत्यार जॉबवर आदळणार तोच तिने लाल बटण दाबलं. हत्यार बोटभर अंतरावर थांबलं. काका खुर्चीत बसले ते दहा मिनिटं उठले नाहीत.

दुपारी दोघं माझ्या टेबलाशी आली. ती म्हणाली, "ताई, काकांना बारीक आकडे दिसून नाही राहिले. सेटिंग मी करते. मला जमते." काका म्हणाले, "माझी दोनेक वर्षंसुद्धा उरली नाहीत. कागदावर नाव माझंच राहू द्या. साहेबांना कळलं तर मला उद्या घरी बसवतील." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तुला सगळं शिकवतो. जाताना साहेबांना स्वतः सांगून जाईन, की माझ्या जागी हिला घ्या."

मला वाईट वाटलं ते काकांचं. तिच्या बाबतीत उलट वाटलं, की बरंच आहे, काही बिघडलं तर निदान तिच्या अंगावर येणार नाही. बायकांच्या चुका कारखान्यात फार दिवस लक्षात ठेवतात. तिचं नाव झाकून आपण तिच्यावर उपकारच करतो आहोत, असं मला खरोखर वाटलं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, "चालते ताई. काकांनी शब्द दिला ना." त्या दिवसापासून सेटिंग तिची आणि नाव काकांचं.

काका शब्दाप्रमाणे शिकवत. स्टुलावर बसून तोंडाने सांगत, ती हाताने करी. तीन महिन्यांनी ते सांगायचे बंद झाले, कारण सांगण्यासारखं उरलं नव्हतं. तिने लावलेला जॉब मला कागद न बघताही ओळखू यायचा. काकांचा जॉब तेलात निथळत यायचा. तिचा कडा घासून, पुसून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून. वीस मायक्रॉनची सूट असे, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. तिचं माप बरोबर मध्यावर पडायचं. मी मोजून मनात शाबास म्हणायचे आणि सेटरच्या रकान्यात काकांचं नाव लिहायचे. हळूहळू ते लिहिताना काही वाटेनासं झालं.

त्या वर्षीची खंडेनवमी मला आठवते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे मशीनं बंद ठेवून पुसायची, झेंडूचे हार घालायचे, हळदकुंकू वाहायचं. नारळ मात्र ज्याने मशीन लावलं त्याने फोडायचा, म्हणजे सेटरने. बायका रांगोळी काढत आणि पेढे वाटत. काका नारळ घेऊन उभे राहिले, पण दगड कुठे ठेवलाय ते त्यांना नीट दिसेना. ती मागून हळूच म्हणाली, "उजवीकडे, काका." नारळ फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नारळाचं पाणी मशीनवर उडालं होतं ते तिने लगेच कोरड्या फडक्याने टिपलं. लोखंडावर पाणी राहिलं की गंज धरतो.

मार्चमध्ये महिला दिन झाला. साहेबांनी गुलाबी फलक लावला, प्रत्येकीला एक गुलाब आणि एक स्टीलचा डबा दिला. डबाच का, हे विचारायचं नसतं. मला भाषण करायला सांगितलं. मी म्हणाले, संधी कोणी ताटात वाढून देत नाही, ती मिळवावी लागते. ती पहिल्या रांगेत बसून मन लावून ऐकत होती. नंतर मला म्हणाली, "छान बोलल्या ताई." ती टोमणा मारणाऱ्यातली नव्हती, आणि म्हणूनच ते आठवलं की आजही माझे कान गरम होतात.

गणपती झाले आणि काका निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, घड्याळ, सगळं झालं. काका बोलायला उभे राहिले. ती दाराशी उभी होती, हात पुसत. तिचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतं आणि माझं तिच्याकडे. काकांनी साहेबांच्या वडिलांची आठवण काढली, पहिल्या मशीनची काढली, डोळे पुसले. "डोळ्यांत तेल घालून काम केलं," असं म्हणाले आणि बसले. सगळ्यांसमोर आपली दृष्टी गेल्याचं त्यांना सांगवलं नाही. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "तुम्ही आहातच." म्हणजे त्यांनी शब्द माझ्या पदरात टाकला आणि रिक्षात बसले.

पितृपक्ष लागला होता. पंधरवड्यात नवी नेमणूक नको, म्हणून साहेबांनी सेटर घटस्थापनेला घ्यायचं ठरवलं. तोवर मशीन कोण लावणार, हे कोणी विचारलं नाही, कारण मशीन आपोआप लागत होतं. सेटरचा रकाना मी तेवढे दिवस कोरा सोडला. पाचव्या-सहाव्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. हातात शाळकरी दोनशे पानी वही. चौदा महिन्यांतलं प्रत्येक सेटिंग तिने त्यात लिहिलं होतं. तारीख, जॉब, कोणती हत्यारं, काय माप भरलं, पहिल्या जॉबला मी काय माप काढलं. माझ्या फाइलीशी ताडून पाहिलं, एक आकडा इकडचा तिकडे नव्हता.

"मी साहेबांकडे जाते," ती म्हणाली. "ते मला मानणार नाहीत. तुम्ही फक्त म्हणा, ताई, हे खरं आहे. बाकी मी बोलते."

एवढंच मागणं होतं. तीन शब्दांचं.

मी तिच्याबरोबर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. जाताना माझं ठरलेलं होतं, की सांगायचं. साहेब फोनवर होते. नवरात्रात मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं कागदपत्रं तपासायला येणार होती, त्याचंच बोलणं चाललं होतं. फोन ठेवून त्यांनी वही घेतली, चारदोन पानं उलटली.

"हे सगळं हिने केलंय?" त्यांनी मला विचारलं. ती समोर उभी असताना मला विचारलं.

आणि त्या क्षणी मला माझ्या कपाटातली फाइल दिसली. चौदा महिने, प्रत्येक कागदावर खोटं नाव आणि खाली माझी सही. हे खरं म्हटलं की ते सगळे कागद खोटे. पाहणीला येणारी माणसं पहिलं बोट माझ्यावर ठेवणार. ज्या खुर्चीसाठी मी इतकी वर्षं झिजले ती जाणार, आणि लोक म्हणणार, बाईच्या हातात खातं दिलं की असं होतं. हे सगळं मनात यायला पापणी लवायचाही वेळ लागला नाही.

"शिकत होती," मी म्हणाले. "काकांना मदत करायची."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून आलं. बाई घरात राबते ती नवऱ्याला मदत करते, शेतात राबते ती घराला मदत करते. मदत म्हटलं की काम दुसऱ्याचं होतं. मी खोटं बोलले असते तर ती कदाचित भांडली असती. या शब्दाशी भांडायला तिच्याकडे काही नव्हतं.

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मदत करणं वेगळं आणि जबाबदारी घेणं वेगळं. रेकॉर्डवर नाव नाही, मी कोणाला काय दाखवू? पुढे बघू आपण." आणि वही तिच्याकडे सरकवली. तिने वही घेतली. माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मोजायला घेतलेलं मापच चुकीचं निघावं, तसं तिने पाहिलं. "जाते साहेब, मशीन चालू आहे," म्हणाली आणि गेली.

घटस्थापनेला नवा सेटर आला. पंचविशीतला, दोन वर्षांचा अनुभव, स्वभावाने बरा. मशीन कसं आहे ते त्याला समजावून सांगायचं काम तिलाच दिलं. तिने सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. खंडेनवमीला तो मशीनसमोर उभा राहिला आणि तिने दोन्ही हातांनी नारळ त्याला दिला. त्याने फोडला. पाणी उडालं. ती फडकं घेऊन पुढे झाली, मशीन कोरडं केलं, फडकं धुऊन वाळत घातलं. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तिने राजीनामा दिला.

जाताना ती अनुभवाच्या दाखल्यासाठी माझ्याकडे आली. दाखल्याचा मजकूर मीच करायचे. "सेटिंगचं काही लिहाल का?" तिने विचारलं. मी म्हटलं, रेकॉर्डप्रमाणे लिहावं लागतं. मग लिहिलं, ऑपरेटर म्हणून काम समाधानकारक. तिने वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. थांब, असं म्हणायला मी उठले होते. पण थांबवून सांगणार काय होते?

मला वाटायचं, काळ गेला की अशा गोष्टी बोथट होतात. झालं उलटंच. दर वर्षी महिला दिनाला कोणीतरी मला बोलवायचं, आमच्या सोसायटीतल्या बायकांनी तर शाल आणि श्रीफळ द्यायचं काढलं. मी पाठदुखीचं कारण सांगितलं. वारज्यात मी आता खडूस म्हणून प्रसिद्ध आहे, आणि पुण्यात तो काही दोष मानत नाहीत, त्यामुळे निभावून गेलं.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी आम्ही थोडं काम नऱ्ह्याच्या एका छोट्या कारखान्याला द्यायला लागलो. पहिला जॉब तपासायला मला तिथे जावं लागलं. चार मशीनांची शेड, कोपऱ्यात कॉम्प्रेसरचा आवाज. मालकाने टेबल पुसून दिलं आणि म्हणाला, सेटरकडून जॉब येतोय. जॉब फडक्यात गुंडाळून आला. कडा घासलेल्या, पुसलेला. मी मान वर करण्याआधीच मला कळलं.

"नमस्कार मॅडम," ती म्हणाली. पूर्वी ताई म्हणायची.

ती जरा स्थूल झाली होती, केसांत एक पांढरी बट. मी काही विचारावं म्हणून ती थांबली नव्हती, मी मोजावं म्हणून थांबली होती. मी मोजलं. माप मध्यावर होतं, नेहमीसारखं. तिने कागद पुढे केला. त्यांच्याकडे ज्याचं नाव त्याने स्वतः लिहायची पद्धत होती. सेटरच्या रकान्यात ठळक अक्षरात तिचं पूर्ण नाव. आणि त्याखाली, त्याच रकान्यात पट्टीने एक रेघ मारून, आणखी एक ओळ, वेगळ्या, कच्च्या अक्षरात. 'मदत', आणि पुढे एका मुलीचं नाव.

नोकरीभराची सवय, मी बोलून गेले, "या रकान्यात एकच नाव लागतं. दोन चालत नाहीत."

"हत्यारं तिने बसवली, मॅडम," ती म्हणाली. "नवीन आहे, शिकून राहिली. माप मी भरलं." मग जरा थांबून म्हणाली, "मदत केली तरी नाव लिहायला पाहिजे ना."

आवाज चढलेला नव्हता. कागदाबद्दल बोलावं तसंच ती बोलली. माझ्या हातात पेन होतं. इतक्या वर्षांत मनाशी किती प्रकारे जुळवून ठेवलेलं, काकांचे डोळे, ती पाहणी, माझी खुर्ची, त्यातलं काही सांगावंसं वाटलं नाही.

"माझं चुकलं तेव्हा," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

मी वाट पाहिली. तिने कागद माझ्या बाजूला थोडा सरळ केला.

"सही करता ना, मॅडम? मशीन थांबली आहे."

दोन्ही नावांखाली मी सही केली.